चारचौघांत बाळाला अंगावर पाजायचं कसं : पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्या आईसाठी

नव्या आईचं बाहेर पडायचं गणित बहुतेक असं असतं : आत्ता पोटभर पाजून घेते, लगेच निघते आणि पुढच्या भुकेच्या आत घरी परतते. ऐकायला ठीक वाटतं. पण पहिल्या काही आठवड्यांत बाळ चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पितं, एकेक पाजणं अर्धा-पाऊण तास चालू शकतं आणि दोन पाजण्यांमधलं अंतर मोजायचं ते पहिलं पाजणं सुरू झाल्यापासून. म्हणजे दोन-अडीच तासांतला पाऊण तास पिण्यातच गेला. उरलेल्या वेळात ढेकर, लंगोट, तयारी, प्रवास, रांगा. त्यात बरीच तान्ही बाळं संध्याकाळी लागोपाठ पीत राहतात, तेव्हा अंतर नावाची गोष्टच उरत नाही.

मग तीन वाटा राहतात. महिनोन्‌महिने घरात बसायचं, बाहेर बाळाला रडतं ठेवायचं, किंवा जिथे असाल तिथे पाजायचं. हा लेख तिसऱ्या वाटेबद्दल आहे. याविषयी बोलताना सगळी चर्चा ‘झाकायचं कसं’ यावरच अडकते. झाकण्याचा प्रश्न दोन कपड्यांत सुटतो. अवघड असतो तो वेळेचा प्रश्न. बाळाने मागितलं आणि तोंडात दूध गेलं, यात जितका कमी वेळ जाईल तितकं बाळाला, तुम्हाला आणि आजूबाजूच्यांनाही सोपं जातं. पुढच्या बहुतेक पायऱ्या तो वेळ कमी करण्यासाठीच आहेत.

1. पाजणं पुढे ढकललं की काय होतं, ते आधी समजून घ्या

हे कळलं की संकोच अर्धा कमी होतो, म्हणून ही पायरी पहिली.

बाळ चोखायला लागलं की आईच्या मेंदूतून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करतं, ऑक्सिटोसिन ते बाहेर ढकलतं. या दुसऱ्या कामालाच आपण पान्हा फुटणं म्हणतो. दूध वेळेवर बाहेर गेलं नाही तर छातीत साचतं, आणि भरलेली छाती ‘आता कमी बनवा’ असा संदेश देते. एखाद्या दिवशी एखादं पाजणं चुकलं तर काही बिघडत नाही. पण प्रत्येक वेळी बाहेर गेल्यावर एक पाजणं गाळायचं किंवा त्याऐवजी बाटली द्यायची असं होत राहिलं, की दूध हळूहळू कमी व्हायला लागतं. कारण दुसरीकडेच शोधलं जातं आणि आई म्हणते, ‘मला पुरेसं येतच नाही.’

दुसरा त्रास तुमच्या अंगाचा. साचलेल्या दुधाने छाती टणक होते, स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग ताणला जातो आणि बाळाला तोंडात नीट धरता येत नाही. पुढे गाठी येतात आणि क्वचित स्तनाला सूज येऊन ताप चढतो.

तिसरा त्रास लगेच दिसणारा. भूक पुढे ढकललेलं बाळ रडून लाल होतं. रडताना जीभ वर उचललेली असते, त्यामुळे स्तन तोंडाशी नेला तरी ते पकडत नाही. आधी शांत करायचं, मग पाजायचं. तोवर सगळ्यांच्या माना वळलेल्या असतात. शांतपणे पिणाऱ्या बाळाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. रडणाऱ्या बाळाकडे सगळ्यांचं जातं.

2. एवढं करून मिळतं काय

जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं असं : जन्मानंतर पहिल्या तासात पाजायला सुरुवात, पहिले 6 महिने फक्त आईचं दूध, त्यानंतर वरच्या आहाराबरोबर 2 वर्षांपर्यंत किंवा त्याहून पुढेही. ‘फक्त आईचं दूध’ म्हणजे पाणीसुद्धा नाही, उन्हाळ्यातही नाही. आईच्या दुधात 87 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. आता बघा, सहा महिने घराबाहेर पाजायचंच नाही असं ठरवलं तर हा सल्ला पाळायला आईने घरकोंबडी व्हायला हवं. म्हणून बाहेर पाजणं ही स्तनपानाच्या बाजूची एखादी हौस नाही. त्याशिवाय बाकीचं जमतच नाही.

बाळाचे फायदे तुम्ही ऐकलेले असतील : अतिसार, न्यूमोनिया, कानाचे संसर्ग कमी होतात, आणि झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूचा धोकाही कमी होतो. पण बाहेर पडण्याशी थेट संबंध असलेला एक फायदा कमी सांगितला जातो. बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, लग्नाच्या गर्दीत तुमची ज्या जंतूंशी गाठ पडते, त्यांच्याविरुद्ध तुमचं शरीर प्रतिद्रव्यं बनवतं आणि ती, मुख्यतः आयजीए या प्रकारची, दुधात उतरतात. बाळ तुमच्याबरोबर ज्या जगात वावरतं, त्याच जगाशी लढायचा शिधा त्याला दुधातून मिळत राहतो.

आईच्या बाजूने बघायचं तर, बाळंतपणानंतर ऑक्सिटोसिनमुळे गर्भाशय आकसतं आणि रक्तस्राव कमी होतो. स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग, तसंच टाइप 2 मधुमेह, यांचा धोका कमी होतो. 2002 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 30 देशांतल्या 47 अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. स्तनपानाच्या दर 12 महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा सापेक्ष धोका 4.3 टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात दिसलं. त्याच नियतकालिकातल्या 2016 च्या लेखमालेचा अंदाज असा की जगभर जवळपास सगळ्या बाळांना पुरेसं स्तनपान मिळालं तर पाच वर्षांखालच्या मुलांचे वर्षाला 8 लाख 23 हजार आणि स्तनाच्या कर्करोगाने होणारे 20 हजार मृत्यू टळू शकतील. वजन आपोआप उतरतं असंही सांगितलं जातं. त्यावर फार भिस्त ठेवू नका.

पाळी लांबण्याबद्दल मात्र नीट समजून घ्या. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, पाळी परत आलेली नाही आणि बाळ फक्त अंगावरच पितं आहे, या तिन्ही गोष्टी एकदम असतील तर गर्भ राहण्याची शक्यता 2 टक्क्यांहून कमी असते. त्यात दिवसा 4 तासांहून आणि रात्री 6 तासांहून मोठी खंड पडायला नको. बाहेर गेल्यावर पाजायचं टाळणाऱ्या आईची खंड सहज मोठी होते. तेव्हा तुम्ही याच भरवशावर असाल तर दुसऱ्या साधनाबद्दल डॉक्टरांशी बोला.

काही आयांना काही औषधांमुळे किंवा आजारामुळे पाजता येत नाही. क्लासिक गॅलॅक्टोसेमिया, म्हणजे दुधातली साखर शरीराला वापरता न येणारा जन्मजात आजार, असलेल्या बाळाला आईचं दूध देताच येत नाही. अशी आई बाहेर बाटलीने पाजत असेल तर तिलाही लोक बोल लावतात. तुम्ही बोल लावणाऱ्यांतल्या होऊ नका.

3. पिशवीत काय असावं

कागदपत्रं लागत नाहीत. बाळाला पाजायला कुणाच्या चिठ्ठीची गरज नसते. सामानही थोडकंच :

- दोन मऊ दुपटी. एक तुमच्या खांद्यावर, एक बाळाच्या मानेखाली.
- ब्रेस्ट पॅडचे जादा जोड. एका बाजूने पाजताना दुसऱ्या बाजूने दूध गळतं, आणि शेजारचं कुणाचं तरी बाळ रडलं तरीही.
- तुमचा एक जादा कुर्ता किंवा टॉप, नक्षीचा. साध्या फिक्या रंगावर दुधाचा डाग लांबून दिसतो.
- लंगोट किंवा डायपर, बाळाचे कपडे आणि ओले कपडे ठेवायला बंद होणारी पिशवी.
- तुमच्यासाठी पाण्याची बाटली आणि काहीतरी खायला. पान्हा फुटताच अनेकींना जोरात तहान लागते. बाटली अशी हवी की एका हाताने उघडता येईल. हे क्षुल्लक वाटतं, पण दुसरा हात अर्धा तास मोकळा होणार नाही.

फीडिंग उशी, इलेक्ट्रिक पंप आणि निर्जंतुकीकरणाचं यंत्र घरी ठेवा. पिशवी जड झाली की बाहेर पडायचाच कंटाळा येतो. उशीऐवजी गुंडाळलेलं जॅकेट किंवा तीच पिशवी मांडीवर घेता येते.

4. कपडे : बाहेरचं वर उचलायचं, आतलं खाली खेचायचं

सगळ्यात सोपी युक्ती दोन थरांची. आत ताणली जाणारी बनियन किंवा स्पॅगेटी, बाहेर सैल कुर्ता किंवा शर्ट. बाहेरचा थर वर उचलायचा, आतला खाली ओढायचा. पोट-पाठ आतल्या कपड्याने झाकलेली राहते, वरचा भाग बाहेरच्या कपड्याने, आणि मधली जागा बाळाच्या डोक्याने. पुढून बटणं असलेला शर्ट घातला तर वरची बटणं न सोडता खालची सोडा. उघडं पडण्याची भीती बहुतेक वेळा चुकीचं बटण सोडल्यानेच खरी ठरते.

फीडिंग ब्रा घेताना ती एका हाताने उघडते आणि मुख्य म्हणजे बंद होते का, हे बघून घ्या. तारेची आणि घट्ट नको. सतत एकाच जागी दाब आला की दूध अडकतं. एकसंध लांब ड्रेस काही महिने कपाटातच राहू द्या.

5. घरी आरशासमोर बसून बघा

आरशासमोर खुर्चीत बसा, पलंगावर नाही, कारण बाहेर पलंग मिळणार नाही. कपडे घालून, उशी न घेता बाळाला पाजा आणि आरशात बघा. पाजताना वरून बघितल्यावर आपल्याला वाटतं की सगळं दिसतंय. समोरून बघितल्यावर कळतं की बाळाचं डोकं सोडून काहीच दिसत नाही. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. मग घरातल्या कुणाला तरी बाजूने आणि मागून बघायला सांगा.

पहिल्यांदा बाहेर जाताना लग्नसमारंभ निवडू नका. एखाद्या मैत्रिणीचं घर, बाग, लसीकरणाचा दवाखाना अशा ठिकाणी जा. शक्य असेल तर अंगावर पाजणाऱ्या दुसऱ्या आईला बरोबर घ्या. शेजारी तीही पाजत बसली की धीर येतो, आणि बघणाऱ्यांची संख्या आपोआप घटते.

6. कायदा काय म्हणतो ते निघण्याआधी बघून ठेवा

बऱ्याच देशांत सार्वजनिक जागी पाजण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. स्कॉटलंडमध्ये 2005 च्या कायद्यानुसार दोन वर्षांखालच्या मुलाला सार्वजनिक जागी दूध पाजण्यापासून अडवणं हा गुन्हा आहे, आणि त्यात बाटलीचं दूधही येतं. ब्रिटनमध्ये 2010 च्या समानता कायद्याने दुकान किंवा उपाहारगृह पाजणाऱ्या आईला त्या कारणावरून बाहेर काढू शकत नाही. अमेरिकेत 2018 पासून पन्नासही राज्यांत तिला कायद्याचं संरक्षण आहे. 2017 साली सिनेटर लॅरिसा वॉटर्स यांनी ऑस्ट्रेलियाच्या संसदेच्या सभागृहात आपल्या मुलीला अंगावर पाजलं. कामकाज चालूच राहिलं.

तुम्ही राहता किंवा जाणार आहात तिथला नियम दोन ओळींत फोनमध्ये लिहून ठेवा. भांडायला नाही. नियम माहीत असलेल्या माणसाचा आवाज चढत नाही, एवढ्यासाठी.

7. जागा आधी हेरा

कुठेही पोचलात की बाळ शांत असतानाच बसायची जागा बघून ठेवा. भूक लागल्यावर जागा शोधणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. पाठ टेकता येईल, पाय जमिनीला टेकतील, अशी खुर्ची हवी. कोपऱ्यातली, भिंतीला पाठ असलेली जागा उत्तम. दाराजवळची नको, कारण प्रत्येक येणाऱ्याची पहिली नजर तिथे पडते.

स्तनपान कक्ष असेल तर बघा, पण त्याचं बंधन मानू नका. अनेक कक्षांना कुलूप असतं, किल्ली ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला असतो, किंवा आत जुन्या खुर्च्या रचलेल्या असतात. पाच मिनिटांत उघडलं नाही तर बाहेर बसून पाजा. ‘कक्ष असताना इथे का बसलात’ असं कुणी म्हणालं तर कक्ष ही सोय आहे, सक्ती नाही, असं सरळ सांगा.

स्वच्छतागृहात मात्र जाऊ नका. ओली फरशी, वास, हात टेकायला जागा नाही, बाहेर रांग. आपण तिथे बसून जेवणार नाही, मग बाळाने का जेवावं? कुणी आपुलकीने तिकडे बोट दाखवलं तरी नाही म्हणा.

8. पाजण्याची कृती, क्रमाने

क) भुकेची खूण रडण्याच्या आधी ओळखा. बाळ चुळबुळ करतं, मान वळवून तोंड उघडतं, हात तोंडात घालतं, ओठ चाटतं. इथेच पाजायला घ्या. रडणं ही उशिराची खूण आहे. बाहेर गोंगाटात आणि नव्या चेहऱ्यांत या खुणा सुटतात, म्हणून मध्येमध्ये बाळाच्या हातांकडे बघत राहा. ‘एवढं सामान घेते, मग पाजते’ हा सगळ्यात नेहमीचा सापळा. पैसे देईपर्यंत बाळ किंचाळत असतं.

ख) बसा, खांदे सैल सोडा, एक-दोन लांब श्वास घ्या. हे उगीच नाही. ताण आणि संकोच ऑक्सिटोसिनला अडवतात, पान्हा उशिरा फुटतो, बाळ चोखून चोखून चिडतं. घरी लगेच येणारं दूध बाहेर ‘आलंच नाही’ असं वाटतं ते यामुळे. दूध असतं, सुटायला वेळ लागतो. बाळाच्या डोक्याचा वास घ्या, त्याच्याशी बोला, समोरच्या गर्दीकडे बघू नका.

ग) आधी बाळाला छातीशी धरा, मग कपडा हलवा. उलट केलंत तर नको तेवढा वेळ उघडं राहावं लागतं. बाळाचं पोट तुमच्या पोटाला लागलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत, मान वळलेली नाही.

घ) बाळाचं नाक स्तनाग्रासमोर आणा. तोंड मोठं उघडलं की त्याला स्तनाकडे आणा; स्वतः वाकून स्तन त्याच्याकडे नेऊ नका, पाठ लगेच बोलायला लागते. पकड नीट बसली की हनुवटी स्तनात रुतलेली असते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, आणि काळसर भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसतो. सुरुवातीच्या काही क्षणांनंतरही दुखत असेल तर पकड चुकली आहे. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून हवा जाऊ द्या, सोडवा, पुन्हा लावा. लोक बघतील म्हणून दुखतं तसंच पाजत राहू नका. घाईत लावलेल्या एका चुकीच्या पकडीने स्तनाग्राला भेगा पडतात आणि त्या भरायला बरेच दिवस घेतात.

च) बाळ स्वतः सोडेपर्यंत पाजा. घड्याळ बघून मध्येच काढू नका. जसजसा स्तन रिकामा होत जातो तसतसं दूध जास्त स्निग्ध होतं. मग ढेकर, मग हवी तर दुसरी बाजू. सोडवताना आधी कपडा खाली घ्या, मग बाळ उचला. चार-पाच महिन्यांचं बाळ कुठे भांडं पडलं तरी गर्रकन मान वळवतं, तेव्हा एक हात कपड्याच्या कडेवर तयार ठेवा.

9. झाकायचं की नाही

तुमची मर्जी. ओढणी, स्टोल किंवा फीडिंग कव्हरने तुम्हाला मोकळं वाटत असेल तर जरूर घ्या. मोकळं वाटलं की पान्हाही लवकर फुटतो. पण काही बाळांना डोक्यावर कापड अजिबात चालत नाही, ती लाथा मारून ते उडवतात आणि मग लपवायला घेतलेल्या ओढणीनेच सगळ्यांचं लक्ष वेधलं जातं. अशा बाळासाठी ओढणी डोक्यावरून न घेता खांद्यावरून बाजूला सोडा.

झाकलंत तर तीन गोष्टी सांभाळा. कापड पातळ, सुती असू द्या. बाळाचं नाक तुम्हाला सतत दिसलं पाहिजे. उकाड्यात मधूनमधून बाळाच्या मानेला हात लावून बघा. घाम असेल तर कापड काढा. बाळ झोपलं म्हणून झाकूनच ठेवू नका.

झोळी किंवा बेबी कॅरिअरमध्ये पाजायचं असेल तर एका जागी बसा, पट्टे सैल करा, बाळाला खाली घ्या, एक हात बाळाखाली राहू द्या. हनुवटी छातीला टेकलेली नको, नाक मोकळं हवं. पाजून झालं की पट्टे पुन्हा आवळून बाळाला वर, उभं घ्या. तान्ह्या बाळाला चालता-चालता, दोन्ही हात मोकळे ठेवून पाजू नका, त्यात श्वास अडकण्याचा धोका असतो आणि तो चटकन लक्षात येत नाही.

10. लोक बोलले तर

बहुतेक वेळा कुणी काही बोलत नाही. बोलण्याच्या भीतीनेच आपण जास्त घाबरतो. तरीही दोन-तीन वाक्यं तोंडात बसवून ठेवा, म्हणजे ऐनवेळी गळा दाटत नाही :

‘बाळ जेवतंय, थोड्या वेळात होईल.’

‘मी इथेच ठीक आहे.’

‘तुम्हाला अवघड वाटत असेल तर तुम्ही तिकडे बसू शकता.’

हसून, एकदाच, कारणं न देता. कारणं दिली की वाद सुरू होतो. कर्मचारी उठायला सांगत असेल तर पाजणं थांबवू नका. व्यवस्थापकाला बोलवायला सांगा आणि बोलणं बाळ सुटल्यावर करा. लेखी तक्रार घरी आल्यावर शांतपणे करता येते. कुणी टक लावून बघत असेल तर एकदा सरळ त्याच्या डोळ्यांत बघा. कुणी फोटो काढत असेल तर मात्र गप्प बसू नका. आवाज चढवा, आजूबाजूच्यांना सांगा, सुरक्षारक्षकाला बोलवा.

घरच्यांचं बोलणं परक्यांपेक्षा जास्त लागतं. ‘इथे नको, आत जा’ हे वाक्य बाहेरच्यांपेक्षा घरच्याच तोंडून जास्त येतं, तेही काळजीपोटी. म्हणून निघायच्या आधीच नवऱ्याशी, सासूबाईंशी किंवा जे कुणी बरोबर असेल त्यांच्याशी बोलून घ्या : मी बाहेर पाजणार आहे, तेव्हा तुम्ही काय करायचं. बरोबरच्या माणसाने भिंतीसारखं पुढ्यात उभं राहायची गरज नाही, त्याने उलट सगळे बघतात. शेजारी बसावं, गप्पा माराव्यात, पाणी द्यावं, पिशवी सांभाळावी, आणि कुणी काही म्हणालं तर उत्तर त्याने द्यावं. पाजणाऱ्या बाईच्या शेजारचा माणूस निवांत दिसला की बघणारेही निवांत होतात.

11. प्रवासात

चालत्या गाडीत बाळाला सीटमधून काढून पाजू नका. पट्टा लावलेल्या बाळावर वाकून पाजणंही धोक्याचंच. गाडी थांबवा, पाजा, ढेकर काढा, मग निघा. लांबच्या प्रवासाला निघताना पोचायच्या वेळेत हे थांबे धरा.

रेल्वेत किंवा बसमध्ये खिडकीजवळ, खिडकीच्या बाजूला थोडं वळून बसा. विमानात चढताना आणि उतरताना पाजलं तर गिळण्याने बाळाच्या कानावरचा दाब कमी होतो. फक्त धावपट्टीवर विमान उभं असताना घाई करू नका. तिथे बराच वेळ जातो आणि बाळ पोट भरून झोपलं की उड्डाणाच्या वेळी पिणार नाही. काढलेलं दूध घेऊन जाणार असाल तर कितीतरी विमानतळांवर बाळाच्या दुधाला 100 मिलीलीटरच्या मर्यादेतून सूट असते. तपासणीच्या रांगेत ते आधीच काढून दाखवा.

12. काढलेलं दूध नेणार असाल

कधीमधी सोय म्हणून ठीक. पण बाळ बाटलीने प्यालं तरी त्या वेळी तुमची छाती भरतेच, तेव्हा बाटली दिलीत तरी त्या सुमारास दूध काढावं लागतं, नाहीतर पहिल्या पायरीतली कटकट सुरू होते.

ताजं काढलेलं दूध 25 अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत 4 तास टिकतं, गोठवलेल्या बर्फाच्या पॅकसह थंड पिशवीत 24 तास, फ्रिजमध्ये 4 दिवस. बाहेर त्याहून उकाडा असेल तर 4 तासांचा भरवसा धरू नका. गोठवलेलं दूध फ्रिजमध्ये पूर्ण वितळल्यापासून 24 तासांत संपवायचं आणि पुन्हा गोठवायचं नाही. बाळाने अर्धवट सोडलेलं 2 तासांच्या आत द्या, नाहीतर टाकून द्या. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. कुठे कोमट, कुठे उकळतं राहतं आणि जीभ भाजते. बाटली कोमट पाण्यात ठेवली तरी पुरतं.

13. डॉक्टरांकडे कधी जायचं

छातीत दुखरी गाठ लागली तर पाजणं बंद करू नका, बाळाच्या मागणीप्रमाणे पाजत राहा. गार कापड ठेवा, सैल कपडे घाला, गाठ जोराने चोळू नका. लालसर भागाबरोबर ताप, थंडी वाजणं, अंग मोडून येणं सुरू झालं आणि दिवसभरात उतरलं नाही तर दाखवा. बाळाला दूध पुरतंय का हे छातीच्या भरलेपणावरून ठरवू नका. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक ओले लंगोट आणि वाढतं वजन ही खरी मोजपट्टी. लंगोट कमी ओले होत असतील, बाळ सुस्त असेल, प्यायला उठतच नसेल तर वाट बघू नका.

14. बाळ मोठं झालं की

चार महिन्यांनंतर बाळाला दुधापेक्षा पंखा, दिवे आणि माणसं आवडायला लागतात. एक घोट पिऊन मान वळवतं, परत येतं, पुन्हा वळवतं. अशा वेळी बाळाचं तोंड भिंतीकडे येईल असे बसा. गळ्यात जाड मण्यांची माळ घातली तर त्याच्या हाताला चाळा मिळतो आणि तुमच्या कपड्यांशी खेळणं थांबतं. माळ तुटणारी नको.

वर्षाच्या पुढचं मूल भर गर्दीत कुर्ता ओढून मोठ्याने मागतं. दुधासाठी घरात कोणता शब्द वापरायचा ते म्हणून बोलता यायच्या आधीच ठरवा. तो शब्द उद्या ते बसमध्ये ओरडून म्हणणार आहे. ‘अजून पितो?’ असं विचारणाऱ्यांना ‘हो’ एवढं उत्तर पुरेसं असतं. फारच मागे लागले तर दोन वर्षांचा सल्ला सांगा. आणि या वयाच्या मुलाला ‘बसमधून उतरलो की देते’ असं सांगून थांबवता येतं. ते कुरकुर करेल, पण थांबेल, आणि आता वरचं खातही असतं, त्यामुळे तुमच्या दुधाला किंवा त्याच्या पोटाला धक्का लागत नाही. तान्ह्याच्या बाबतीत ही सवलत नाही, म्हणून पहिल्या सहा महिन्यांत सगळं बाळाच्या वेळेने करा.